पंचगंगेच्या काठाने : लेखांक तिसरा

कोल्हापूर, सोमवार

कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर सकाळी पोहोचलो तेव्हा बंधारा केव्हाच पाण्याखाली गेला होता, आणि मोजपट्टीवरचा आकडा, ज्याच्याकडे पावसाळ्यात अवघ्या जिल्ह्याचे लक्ष लागलेले असते, इशाऱ्याच्या 39 फुटांच्या किंचित खाली येऊन थबकला होता. धोक्याची पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पाणी येथेच 55 फुटांपलीकडे गेलेले ज्यांनी पाहिले, त्यांना या पट्टीवरचा एकेक इंच म्हणजे घरातील चीजवस्तू माळ्यावर चढविण्याचा हुकूमच वाटतो.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती सह्याद्रीचे पाणी घेऊन येतात आणि प्रयाग चिखलीपासून पुढे त्यांना पंचगंगा हे नाव लाभते. भोगावतीवर शाहू महाराजांनी बांधावयास घेतलेल्या राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित असून एकेका दरवाजातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी सुटते. पाण्याची उंची गाठली की ते कोणाच्या परवानगीवाचून उघडतात. म्हणून त्यांची खबर खालच्या गावांना तत्काळ मिळणे अगत्याचे.

तेरवाड, मंगळवार

आज नदी दोन्ही थडी भरून, गढूळ पण निर्गंध वाहत होती. सोबतच्या रसायनज्ञांनी बाटली पाण्यात बुडवून, हवेचा एकही बुडबुडा आत राहू न देता भरून घेतली आणि काठावरच तीत मँगनीज सल्फेट व आयोडाइडयुक्त अल्कली यांचे थेंब सोडले. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर तो पांढरा राहतो. नमुना प्रयोगशाळेत नेईपर्यंत पाण्याची अवस्था पालटते, म्हणून हे कर्म नदीकाठीच उरकावे लागते. आजचा साका चांगला तपकिरी होता.

परंतु त्यावरून नदी शुद्ध झाली असे मानणे हा मोठाच भ्रम होय. कोल्हापूरच्या जयंती नाल्याचे सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड-प्रक्रियेचे रंगीत पाणी, साखर कारखान्यांची मळी, यांपैकी काहीही पुराने नाहीसे केलेले नसते; केवळ विरळ केलेले असते. स्नानयोग्य पाण्यात प्रतिलिटर निदान 5 मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा दंडक आहे. त्याची खरी कसोटी पात्र आटल्यावर, जलपर्णी काठोकाठ माजल्यावर लागते. 2012 साली इचलकरंजीत काविळीची जी साथ पसरली ती भर उन्हाळ्यात. फाल्गुन-चैत्रात काठावर चिटपाखरू फिरकत नसताना घेतलेला नमुना मला पुरातल्या नमुन्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

नृसिंहवाडी, बुधवार

दत्तमंदिरात पाणी शिरले आहे. ते पादुकांना स्नान घालून दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले की भाविक त्या प्रवाहात स्नानासाठी लोटतात. याच स्थळी पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कोल्हापूरच्या पुराचे अर्धे मर्म मला येथे उमगले.

काठावर एक वृद्ध शेतकरी उसाच्या बुडालेल्या फडाकडे पाहत उभे होते. पाऊस उघडला, मग पाणी का उतरत नाही, असे विचारता ते म्हणाले, ‘‘पाणी चढतंय खरं, पर फुडं सरकंना. किस्नामाई आत घिईना, पावनं.’’

याहून नेमके निदान जलशास्त्राच्या ग्रंथातही क्वचितच सापडेल. या सपाट मुलखात उतार इतका अल्प आहे की कृष्णा फुगली म्हणजे पंचगंगेचे पाणी मागे तुंबते. कृष्णा उतरलेली असता राजाराम बंधाऱ्यावरचे 38 फूट म्हणजे वाहून जाणारे पाणी. कृष्णा चढलेली असता तेच 38 फूट म्हणजे मुक्कामाला आलेले पाणी. पट्टी दोन्ही वेळा एकच आकडा दाखविते. पातळी म्हणजे विसर्ग नव्हे, आणि विसर्ग मोजल्यावाचून पुराचा अंदाज हा निव्वळ तर्क राहतो.

म्हणूनच संगमाच्या वर अर्जुनवाडला आणि खाली कुरुंदवाडला केंद्रीय जल आयोगाची जी मोजणीस्थाने आहेत, त्यांचे महत्त्व मी फार मानतो. पात्राच्या रुंदीचे भाग पाडून, प्रत्येक भागात पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवर प्रवाहमापक सोडायचा, त्याच्या वाट्यांचे फेरे मोजून वेग काढायचा, वेगाला क्षेत्रफळाने गुणायचे, आणि हे वर्षानुवर्षे अखंड चालवायचे! या आकड्यांची गरज वादाच्या वेळी कळते. 2019 च्या पुराचा दोष खाली कर्नाटकात कृष्णा अडविणाऱ्या आलमट्टी धरणाकडे जात नाही, असा निष्कर्ष त्या पुराच्या अभ्यासासाठी राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने 2020 मध्ये दिला. काठावरच्या पुष्कळांना तो आजही पटलेला नाही. त्यांच्या संशयाला हटवादीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पुराच्या दिवसांत तासातासाच्या पातळीबरोबर विसर्गाचे आकडेही ज्या दिवशी गावोगावच्या चावडीवर मराठीत लावले जातील, त्या दिवशी हा वाद निदान दाखल्यांनिशी लढविता येईल.

सांगली, गुरुवार

कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर गर्दी होती. येथे इशारा 40 फुटांवर, धोका 45 वर. 2019 साली पाणी 57 फुटांवर गेले होते. आज ते बरेच खाली आहे आणि दुपारनंतर इंचाइंचाने उतरत आहे. उद्या समडोळीस वारणेची मोजणी. वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्ग वाढविल्याचे रात्री कळले, तेव्हा पहाटेच निघावे लागेल.

(क्रमशः)