सौंसरची टिपणे

सौंसर आणि पांढुर्णा, दोन्ही मध्य प्रदेशातली, महाराष्ट्राच्या सीमेलगतची संत्र्या-कापसाची गावं. 2011 च्या जनगणनेत पांढुर्णा पंचेचाळीस हजारांच्या घरात, सौंसर मात्र पंचवीस-सव्वीस हजारांवर. कारणं अनेक आहेत, पण आधी रूळ पाहावेत. पांढुर्णा नागपूर–इटारसी या मुख्य मार्गावर आहे. दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या तिथून धडधडत जातात. सौंसरच्या वाट्याला आली नागपूर–छिंदवाडा ही 762 मिलिमीटर रुंदीची छोटी लाइन. ती 2015 मध्ये बंद झाली आणि ब्रॉडगेजची गाडी यायला पुढे काही वर्षं गेली. नाशवंत माल पिकवणाऱ्या मुलखात स्टेशन कुठलं मिळालं, यावर पिढ्यांची कमाई ठरते.

✻

1 नोव्हेंबर 1956 पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. त्या दिवसापासून भोपाळ झाली. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसरची जिल्हा कचेरी छिंदवाड्याहून तिकडे गेली. माणसं मात्र मोठं दुखणं आलं, लग्नाचा बस्ता काढायचा असला, पोरगं कामाला लावायचं असलं, की आजही नागपूरची बस धरतात. घरात मराठी, अर्ज हिंदीत. शिकलेल्याला याचं काही वाटत नाही. अंगठा लावणाऱ्या बाईला मात्र सरकारी योजनांसाठी लागणाऱ्या समग्र आयडीतली एक चूक दुरुस्त करायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि तो दिवस बिनमजुरीचा जातो.

✻

वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1933 मध्ये मांडलं की गावांची एक उतरंड असते. मीठ-मिरची जवळच्या गावात मिळते, कापड-बियाणं कसब्यात, आणि शस्त्रक्रिया मोठ्या शहरात. लोधीखेडा, मोहगाव, रामाकोना इथल्या लोकांसाठी सौंसर ही मधली पायरी. तहसील इथे, बाजार इथे.

पण रस्ता रुंद झाला, सावनेर-केळवदवरून नागपूर जवळ आलं, आणि गिऱ्हाईक मधली पायरी ओलांडून थेट वर जाऊ लागलं. रस्ता चांगला झाला की मधलं गाव वाढतंच, असं नाही. कधीकधी रस्ताच त्याचं गिऱ्हाईक घेऊन जातो. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याला नागपूरचा भाव मिळतो. ज्याच्याकडे नाही तो उरलेल्या दुकानांत, उरलेल्या भावात घेतो.

✻

संत्र्याचा हंगाम. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे, मृगाचा उन्हाळ्याच्या तोंडाशी. ढिगाभोवती बायका बसलेल्या असतात. एक फळ हातात येतं, अंगठा सालीवरून फिरतो, आणि तेवढ्यात निकाल लागलेला असतो: मोठं या कॅरेटमध्ये, मध्यम त्या, डागाळलेलं आणि पिचकलेलं मागे. डोळा क्वचितच फळावर असतो. बोलणं चालू, हात चालू. ही नजर आणि हा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने येतो, आणि त्याची नोंद होते ‘अकुशल मजुरी’ म्हणून. ट्रक भरला की काम संपलं. पुढच्या बहारापर्यंत त्या काय करतात, हे विचारायला कुणी येत नाही.

✻

सौंसरजवळच्या बोरगावला रेमंडची कापडगिरणी 1991 मध्ये उभी राहिली. कारखाना मध्य प्रदेशात, बाजारपेठ आणि विमानतळ नागपूरचा. सीमेवरच्या औद्योगिक वसाहतीचं गणितच असं असतं. अशा वस्तीत आधी खोल्या भाड्याने निघतात, मग खानावळ, मग मोबाइलचं दुकान. गटार सगळ्यांत शेवटी येतं. शहर वाढण्याचा हा क्रम भारतभर सारखाच दिसतो आणि त्याचा भार पहिल्या पावसात सखल भागातल्या घरांवर पडतो.

✻

अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्येच सांगितलं होतं की शहरातली गरिबी ही बरीचशी खेड्यातून वाहत आलेली गरिबी आहे. नागपूरच्या मजुरांच्या कुठल्याही ठिय्यावर सकाळी उभं राहिलं की हे कळतं. थापी पिशवीत, डबा हातात, आणि बोली सातपुड्याच्या पायथ्याची. पण बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळात नाव नोंदवायचं तर मंडळ राज्याराज्याचं वेगळं. घर एका राज्यात, काम दुसऱ्या राज्यात, आणि हक्क दोहोंच्या मध्ये लटकलेला.

✻

तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 ची दारिद्र्यरेषा निघाली. शहरी भागात माणशी महिना मध्य प्रदेशात 897 रुपये, महाराष्ट्रात 1126. स्थानिक किमतींनुसार रेषा बदलते, हे मान्य. पण सौंसरच्या मजुराचं औषध, त्याचा बाजार, त्याची मजुरी ज्या शहराशी बांधलेली आहे, ते राज्याच्या सीमेपलीकडचं नागपूर आहे. तिथे महिना हजार रुपयांत भागवणारा गरीब ठरला. इथे तेवढंच खर्चणारा रेषेच्या वर गेला.

✻

झोपडपट्टी म्हटलं की आपल्याला धारावी आठवते. अभ्यास मात्र पुन्हापुन्हा सांगतात की दारिद्र्याचं प्रमाण महानगरांपेक्षा छोट्या शहरांत जास्त आहे. आणि नेमकं इथेच कायदा हात आखडता घेतो. 2005 चा रोजगार हमी कायदा ग्रामीण कुटुंबासाठी होता. नगरपालिकेच्या हद्दीतल्या कुटुंबाला त्यातले 100 दिवस नव्हते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात देशभरात ग्रामीण लोकसंख्येच्या 75 टक्क्यांपर्यंत धान्य, शहरीच्या 50 टक्क्यांपर्यंत. संत्र्याच्या ढिगाशी बसलेली बाई पालिकेच्या हद्दीत राहते म्हणून ‘शहरी’. तिचं काम शेतीचं, हंगाम शेतीचा, रिकामे महिनेही शेतीचेच.

✻

चांगलं झालेलंही लिहून ठेवलं पाहिजे. 1984 मध्ये मध्य प्रदेशाने शहरांतल्या भूमिहीनांना राहत्या जागेचा पट्टा देणारा कायदा केला. पट्टा हातात आला की माणूस ताडपत्री काढून विटा रचायला धजावतो, कारण उद्या उठवतील ही धास्ती जाते. गरिबाच्या घरात त्याचाच पैसा लागतो. सरकारने फक्त जमीन पक्की करायची असते.

✻

केरळने 2010 मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थानने 2022 मध्ये. सौंसरसारख्या गावांना तीच हवी आहे. कामं शोधत हिंडावं लागणार नाही: नाल्यांचा गाळ, आठवडी बाजाराचे ओटे आणि छप्पर, सखल वस्तीतली गटारं, रस्त्याकडेची झाडं. 2027 ची जनगणना तोंडावर आहे. तिच्यात कसब्यातला हंगामी मजूर त्याच्या कोरड्या महिन्यांसकट मोजला गेला पाहिजे, आणि त्या आकड्यावर त्याला आपल्याच गावात कामाचा हक्क मिळाला पाहिजे. मग नागपूरला जायचं की नाही हे तो स्वतः ठरवेल.