संत्र्याची साल, रस नव्हे

पुणे, 3 डिसेंबर




वहिनींनी पत्रातून विचारलेला प्रश्न असा, की चॉकलेट, संत्रे आणि कॅरमेलचे शॉर्टब्रेड घरी करताना संत्र्याचा रस कॅरमेलमध्ये नेमका कधी घालावा. त्याचे उत्तर ‘घालूच नये’ एवढेच आहे. परंतु तो का घालू नये हे सांगायचे, तर पदार्थाच्या तिन्ही थरांचे पाण्याशी असलेले नाते उलगडावे लागते, आणि सगळी कृती त्या नात्यावरच बेतलेली असल्यामुळे उत्तर लांबणार, हे आधीच नमूद केलेले बरे.

शॉर्टब्रेड हा मूळचा स्कॉटलंडमधील भाजका पदार्थ असून तो अंडे किंवा सोडा न घालता केवळ पीठ, लोणी आणि साखर यांपासून होतो व नववर्षाच्या स्वागताला तेथील घरांत आवर्जून ठेवला जातो. त्याच्यावर दूध-साखर आटवून केलेल्या कॅरमेलचा जाड थर आणि त्यावर चॉकलेटचे पातळ कवच चढवले, की त्याला ‘मिलियनेअर्स शॉर्टब्रेड’, म्हणजे लक्षाधीशाचे शॉर्टब्रेड, असे भारदस्त नाव मिळते. संत्रे ही त्यात घातलेली भर आहे. मात्र चॉकलेट आणि संत्रे ही जोडी ब्रिटिश जिभेला चांगली सरावाची आहे, कारण यॉर्क येथील टेरीज या कंपनीने 1932 मध्ये संत्र्याच्या आकाराचा आणि फोडी सुटणारा चॉकलेटचा गोळा बाजारात आणला आणि यॉर्कचा कारखाना 2005 मध्ये बंद पडल्यावरही तो गोळा इतरत्र तयार होऊन विकला जात राहिला. त्या गोळ्यातही संत्र्याचा रस नसतो. त्याचा सुवास सालीतील तेलाचा असतो, आणि घरच्या कृतीनेही तोच मार्ग धरावा हे उत्तम.

तळाच्या थराचे प्रमाण वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग पीठ असे रूढ आहे. वीस सेंटिमीटर चौरस ट्रेसाठी 75 ग्रॅम बारीक साखर, 150 ग्रॅम लोणी आणि 225 ग्रॅम पीठ पुरते, व त्या पिठापैकी 175 ग्रॅम मैदा आणि 50 ग्रॅम तांदळाची पिठी घेतली तर तळ अधिक कुरकुरीत होतो. ही पिठीची युक्ती देशी वाटली तरी स्कॉटिश स्वयंपाकघरांतही ती पूर्वापार आहे. मैद्यातील प्रथिनांना पाणी मिळून ती मळली गेली, की त्यांची ग्लुटेन नावाची चिवट जाळी तयार होते, जी पोळीला हवी असते आणि शॉर्टब्रेडला अजिबात नको असते. लोणी पिठाच्या कणांना वेढून पाण्याला त्यांच्यापर्यंत पोचू देत नाही, आणि करंजीच्या किंवा शंकरपाळ्यांच्या पिठात मोहन जे काम करते ते हेच होय. फरक एवढाच, की येथे मोहन हेच सर्वस्व असते व पीठ भिजवायला दूध किंवा पाणी मुळीच लागत नाही. लोण्यात स्वतःचे सुमारे 16 टक्के पाणी असते, आणि तेवढे पाणी तळाला धरून ठेवायला पुरेसे ठरते. लोण्याऐवजी तूप वापरले तर हे पाणीही जाते, तळ नानकटाईच्या वळणावर जाऊन जास्त भुसभुशीत होतो, आणि एरवी ती खूण कौतुकाची असली तरी वर कॅरमेलचे ओझे असताना असा तळ सुरी लावताच विस्कटतो. म्हणून गार लोण्याचे तुकडे पिठात बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ मिश्रण करावे, ते मळू नये, मुठीत दाबल्यावर गोळा होतो आहे असे दिसताच ट्रेमध्ये पसरून वाटीच्या सपाट बुडाने दाबून घ्यावे आणि वाफ निघून जाण्यासाठी काट्याने टोचावे. ओव्हन 160 अंश सेल्सिअसवर असेल तर 35 ते 40 मिनिटांत तळ फिका सोनेरी होतो. बाजारचे खारे लोणी वापरले असल्यास वेगळे मीठ घालायचे कारण नाही.

कॅरमेल हा या पदार्थाचा खरा कसोटीचा भाग आहे. काटेकोर अर्थाने कॅरमेल म्हणजे नुसती साखर सुमारे 160 अंशांच्या पुढे तापवून तपकिरी होऊ देणे. परंतु शॉर्टब्रेडवरचे कॅरमेल आटीव गोड दुधाचे, म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचे असते आणि ते 115 अंशांच्याही वर जात नाही. इतक्या कमी तापमानाला येणारा त्याचा तपकिरी रंग आणि खमंगपणा मुख्यतः दुधातील प्रथिने व शर्करा यांच्या परस्परक्रियेतून येतो. या क्रियेला, तिचे वर्णन 1912 मध्ये करणाऱ्या लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून, मायार क्रिया म्हणतात. खवा भाजताना किंवा बासुंदी आटवताना सुटणारा वासही बराचसा तिचाच असतो. गेल बॉर्डन या अमेरिकन उद्योजकाला 1856 मध्ये दूध निर्वात पात्रात आटवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले, आणि पुढे साखर घालून डबाबंद केलेले असे दूध जगभर पोचले ते टिकाऊपणामुळे. त्याच्यात साखर जवळजवळ 45 टक्के आणि पाणी साधारण चौथा हिस्सा असते. कॅरमेल करणे म्हणजे हे उरलेले पाणी किती घालवायचे, याचा निर्णय घेणे होय.

सुमारे 400 ग्रॅमच्या एका डब्याला 100 ग्रॅम लोणी, 100 ग्रॅम तपकिरी साखर आणि दोन मोठे चमचे गोल्डन सिरप घ्यावे. गोल्डन सिरप हा साखर शुद्ध करताना उरणारा सोनेरी पाक असून लंडनच्या अब्राम लाइल यांच्या कारखान्याने तो 1883 मध्ये विकायला काढला. त्यातील काही साखर फुटून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज झालेले असते आणि हे मिश्रण बाकीच्या साखरेला पुन्हा खडे धरू देत नाही. त्याऐवजी काकवी वापरण्याचा मोह मराठी स्वयंपाकघरात होणे स्वाभाविक आहे, आणि तिच्यातही तसा गुण थोडाफार असतो. परंतु काकवीला स्वतःची इतकी ठसठशीत चव असते की संत्रे तिच्यापुढे मागे पडते, म्हणून येथे बिनचवीचे द्रव ग्लुकोज अधिक सोयीचे. सगळे जिन्नस जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवून साखरेचा कण न् कण विरघळेपर्यंत उकळी येऊ देऊ नये, आणि उकळी आल्यानंतर कालथा एक क्षणही थांबवू नये. या टप्प्यावर पातेल्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते: आधी पातळ, फसफसणारे बुडबुडे येतात, मग ते मोठे आणि आळशी होतात, मिश्रण मलईच्या रंगावरून बदामी रंगावर येते, आणि कालथ्याच्या मागे तळाची रेघ क्षणभर उघडी पडून पुन्हा झाकली जाते. मिश्रणात मधूनच गडद तपकिरी ठिपके वर आले, तर ते तळाला लागू लागले असे समजावे. त्या वेळी तळ खरवडू नये, आच उतरवून वरचे मिश्रण दुसऱ्या पातेल्यात काढून घ्यावे. तापमापक असल्यास 112 अंशांवर थांबावे, आणि नसल्यास पाकाच्या जुन्याच परीक्षेवर विसंबावे: गार पाण्याच्या वाटीत टाकलेल्या थेंबाची बोटांत मऊ गोळी वळली, म्हणजे पाक गोळीबंद होण्याच्या उंबरठ्यावर आला. ही गोळी टणक होईपर्यंत वाट पाहिली, तर सुरी आणि दाढ दोघींचीही परीक्षा ठरलेली.

आता रसाचा विचार करता येतो. ज्या मिश्रणातून चमचा-चमचा पाणी हाकलून लावण्यासाठी एवढी खटपट केली, त्याच मिश्रणात रस घालणे म्हणजे पुन्हा पाणी ओतणे होय, आणि ते आटेपर्यंत रसाचा ताजेपणाही वाफेबरोबर निघून जातो. त्याशिवाय संत्र्याचा रस आंबट असतो, आणि दुधातील केसीन हे प्रथिन आम्लाने साकळते. म्हणून कॅरमेल गुळगुळीत न राहता कणीदार होण्याचा धोका असतो. रस वेगळा आटवून घालण्याचा उपाय काही जण सुचवतात, पण त्याची चव मार्मालेडकडे, म्हणजे सालीच्या मुरंब्याकडे झुकते. मार्मालेड ही डंडी शहराची ख्यातीची वस्तू असल्याने स्कॉटिश माणसाला ते चालेलही, पण मग तो वेगळा पदार्थ झाला.

संत्र्याचा सुवास ज्या तेलात असतो, ते सालीच्या बाहेरच्या रंगीत भागातील बारीक पिशव्यांमध्ये साठलेले असून त्यातील फार मोठा वाटा लिमोनीन या द्रव्याचा असतो. त्याखालच्या पांढऱ्या भागात कडवटपणाखेरीज घेण्यासारखे काही नाही. म्हणून बारीक किसणीवर रंगीत भाग तेवढाच हलक्या हाताने घ्यावा आणि किसणी एका जागी दोनदा फिरवू नये. युरोपात ज्या घट्ट सालीच्या संत्र्यांवर ही कृती बेतलेली आहे, त्यांच्यापेक्षा नागपुरी संत्रे निराळ्या जातीचे, सैल सालीचे असते, त्यामुळे किसताना साल आत दबते आणि फाटते. यावर इलाज म्हणजे संत्री निवडतानाच साल गराला चिकटून बसलेली, कडक फळे घ्यावीत, ती धुऊन, पुसून तासभर फ्रिजमध्ये ठेवावीत आणि सोलण्यापूर्वीच किसावीत. दोन संत्र्यांचा कीस पुरतो: त्यातील निम्मा तळासाठीच्या साखरेत बोटांनी चोळावा, कारण साखरेचे धारदार कण तेलाच्या पिशव्या फोडतात आणि साखर ओलसर व केशरी होते, उरलेला निम्मा कॅरमेल आचेवरून उतरवल्यावरच ढवळावा. मोसंबीची साल वापरून पाहण्यास हरकत नाही, पण तिचा वास मवाळ असल्याने चॉकलेटखाली तो टिकत नाही.

तिसरा थर चॉकलेटचा, आणि पाण्याचे वैर येथे सर्वांत टोकाला जाते. चॉकलेट म्हणजे कोकोच्या लोण्यात तरंगणारे कोको आणि साखर यांचे कोरडे कण; वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे थोडेसे थेंब पडले तरी साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळे मिश्रण क्षणात घट्ट, खडबडीत होऊन बसते. वाफेवर वितळवताना भांडे कोरडे ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच असतो. चॉकलेटला संत्र्याचा वास द्यायचाच असेल, तर खाण्यायोग्य संत्रातेलाचे तीन-चार थेंब चालतात. पाण्यात मिसळलेला इसेन्स मात्र चालत नाही. 200 ग्रॅम काळे चॉकलेट 45 अंशांपर्यंत वितळवून, त्यात न वितळलेले तुकडे घालून 28 अंशांपर्यंत उतरवावे आणि पुन्हा 31 अंशांवर आणावे, म्हणजे कोकोच्या लोण्याचे इष्ट स्फटिक जमून कवच चकचकीत व कडक होते. या क्रियेला टेम्परिंग म्हणतात. बाजारात ‘कंपाउंड’ म्हणून मिळणाऱ्या लाद्यांत कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते व त्यांना टेम्परिंग लागत नाही, परंतु ती चरबी जिभेवर मेणासारखी राहते. एवढ्या मेहनतीच्या कॅरमेलवर ती ओतणे प्रस्तुत लेखनकर्तीला तरी पटत नाही.

कॅरमेल पूर्ण गार झाल्यावरच चॉकलेट पसरावे आणि ते अर्धवट आळले असतानाच सुरीने चौकोनांच्या रेषा आखून ठेवाव्यात, अन्यथा कडक कवच वाटेल तसे तडकते आणि खालचे मऊ कॅरमेल बाजूने बाहेर येते. पुढचे कापणे गरम पाण्यात बुडवून कोरड्या पुसलेल्या सुरीने करावे. तुकडे हवाबंद डब्यात आठवडाभर चांगले राहतात. दमट हवेत डबा फ्रिजमधून काढताच उघडला, तर गार चॉकलेटवर दव धरते, त्यात वरची साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरट खरखरीत पापुद्रा उरतो. ती बुरशी नसते, पण दिसते तशीच. डबा बंद ठेवूनच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मग उघडावा.

राहता राहिला प्रश्न ऋतूचा. कोकोचे लोणी 34 अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात या खटाटोपात पडण्यात अर्थ नाही. आंबिया बहाराची संत्री सध्या बाजारात आहेत आणि हवाही अनुकूल आहे, तेव्हा वहिनींनी हा पदार्थ याच महिन्यात करावा, आणि रस काढून उरलेल्या साली किसण्याऐवजी आधी कीस काढून मग रस प्यावा.