छत्तीस इंचाचा हट्ट

ठेकेदार दुकानात आला की झाडाबद्दल क्वचितच बोलतो. थेट विचारतो, "भाऊ, छत्तीसचा बार आहे का?" चेनसॉच्या तोंडाशी लांब पोलादी पट्टी असते आणि तिच्या कडेच्या खाचेतून साखळी सेकंदाला वीस मीटरहून जास्त वेगानं पळते. ती पट्टी म्हणजे गाइड बार. जबलपूर-बरगी भागात चेनसॉ विकणं, दुरुस्त करणं आणि चालवायला शिकवणं हा माझा उद्योग. गोंदिया-बालाघाटकडच्या टोळ्या इकडे कामाला येतात, त्यामुळे दुकानात हिंदीच्या जोडीनं मराठीही चालते. दोन्ही भाषांत मी एकच रडगाणं गात आलो आहे: बार झाड पाहून घेऊ नका. आधी इंजिन पाहा, मग कापणारा माणूस कुठे उभा राहणार ते पाहा. झाडाचा नंबर तिसरा.

झाडाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत घेरामुळे होते. वनखात्याच्या यादीत झाडाचा घेर लिहिलेला असतो, छातीच्या उंचीवर म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजलेला. यादीत ३०० सेंटिमीटर वाचलं की ठेकेदाराचे डोळे विस्फारतात. पण घेराला ३.१४ नं भागा: व्यास आला ९५ सेंटिमीटर, म्हणजे साडेसदतीस इंच. आणि झाड एकाच बाजूनं आरपार कापायचं असा काही नियम नाही. एका बाजूनं कापून, फिरून दुसऱ्या बाजूनं यायचं, मध्ये बिजागरीसाठी लाकूड ठेवायचं. या पद्धतीनं बारच्या दुपटीला थोडा कमी इतका व्यास हाताळता येतो. म्हणजे हे झाड वीस इंची बारनं जरा ताणून आणि पंचवीस इंचीनं आरामात पडतं. तेही इतकं मोठं झाड आलंच तर. बरगीच्या आसपासच्या जंगलात साग, ऐन, धावडा, टेंभुर्णी. त्यातला १२० सेंटिमीटर घेराचा साग व्यासानं जेमतेम पंधरा इंच भरतो. त्याला अठरा इंची बार पुरून उरतो.

आता इंजिन. आपल्याकडे गावोगाव दिसणारं स्टिल कंपनीचं एमएस २५० हे ४५ सीसीचं यंत्र. त्याला अठरा इंच ही शेवटची मर्यादा समजावी. सत्तर-बहात्तर सीसीच्या यंत्राला, म्हणजे एमएस ३८२ किंवा हस्कवार्नाच्या ३७२ ला, मी वीस इंची देतो. आग्रहच झाला तर पंचवीस. छत्तीसचा विषय एमएस ६६१ सारख्या ९१ सीसीच्या यंत्रापासून सुरू होतो आणि कठीण लाकडात रोज तेच काम असेल तर १२१ सीसीचं एमएस ८८१ लागतं. पहिल्याचं वजन बार-साखळीशिवाय ७.४ किलो, दुसऱ्याचं ९.९. त्यात लांब बारचं वजन सगळं पुढे जातं. दिवसभर ते तोललेलं मनगट संध्याकाळी चहाचा कप धरताना थरथरतं. कॅटलॉगात बारची कमाल लांबी छापलेली असते, पण ती यंत्र 'चालेल' एवढंच सांगते. वाळलेल्या धावड्यात पूर्ण बुडालेला बार ओढायला किती जोर लागेल ते त्यात नसतं.

हा जोर जातो कुठे? दातांकडे. पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधलं अंतर. तीन सूत पिचच्या साखळीत वीस इंची बारला ७२ ड्राइव्ह लिंक, म्हणजे खाचेत फिरणाऱ्या कड्या, आणि ३६ दात असतात. छत्तीस इंचीला ११४ लिंक आणि ५७ दात. जितके दात एकाच वेळी लाकडात, तितका इंजिनावर भार. म्हणून लांब बारवर मी पूर्ण दातांच्या साखळीऐवजी 'स्किप' साखळी सुचवतो. तिच्यात दर तीन लिंकमागे एक दात असतो, म्हणजे ११४ लिंकमध्ये ३८ दात. कापाचा वेग थोडा कमी होतो, पण इंजिन गुदमरत नाही, लांब कापातला चुरा बाहेर पडायला जागा मिळते आणि कानस मारायचे दात एकोणीसनं कमी होतात. सागात सिलिका असते, ती धार खाते. रस्त्याकडेच्या झाडांत जुने खिळे, तारा, निवडणुकीच्या फलकांचे हूक गिळलेले असतात. जबलपूर-नागपूर रस्त्यालगतचं जुनं झाड कापणाऱ्याला विचारा, एका खिळ्यापायी सत्तावन्न दात पुन्हा घासताना त्याच्या तोंडून काय काय निघतं.

दातांवरून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आजची साखळी ज्याच्यामुळे आली तो अमेरिकेतल्या ओरेगॉनचा जोसेफ कॉक्स. १९४६ मध्ये एका ओंडक्यात त्याला भुंगेऱ्याची अळी दिसली. ती लाकूड उभं-आडवं कसंही सहज पोखरत होती, इंग्रजी 'सी' अक्षरासारखे जबडे डावीकडे-उजवीकडे चालवत. तसेच दात, एक डावा एक उजवा, त्यानं पोलादात घडवले आणि १९४७ मध्ये विकायला सुरुवात केली. गंमत, खरं तर दुर्दैव, असं की त्याच कुळातल्या एका भुंगेऱ्यानं आमच्याकडे हाहाकार उडवला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला-दिंडोरीच्या सालवनांत साल बोररची साथ आली. बुंध्याशी भुशाचे ढीग दिसू लागले आणि झाडं मोठ्या संख्येनं तोडावी लागली. म्हणजे अळीनं पोखरलेलं झाड अळीच्याच जबड्याच्या नकलेनं पाडायचं.

डावा-उजवा दात हे लांब बारचं दुखणंही आहे. एका बाजूचे दात जास्त घासले गेले की साखळी दुसरीकडे ओढते. अठरा इंचात हे जाणवतही नाही. छत्तीस इंचात कापच वाकतो, बार अडकतो आणि चालवणारा यंत्राला शिव्या देतो. बारच्या कडाही झिजतात. सरळ पट्टी बारच्या बाजूला आणि दाताला टेकवून पाहावी. बार आणि पट्टी यांत फटच उरली नसेल तर कडा गेल्या. साखळी बदलताना दर वेळी बार उलटा बसवला तर झीज दोन्हीकडे सारखी वाटली जाते. आळसापायी हे कोणी करत नाही.

तेलाबद्दल तर मी भांडतो. लांब बारच्या टोकापर्यंत तेल पोचवायचं काम छोट्या पंपाचं असतं, आणि आमचे लोक त्यात गाडीचं जळकं ऑइल ओततात. त्यात धातूचा कीस असतो, तो पंप खातो. शिवाय मे महिन्यात जबलपूरच्या उन्हात पातळ तेल टोकापर्यंत पोचण्याआधीच उडून जातं. चिकट बार ऑइल घ्या, पंपाचा स्क्रू पूर्ण उघडा आणि काम सुरू करण्याआधी बारचं टोक ताज्या कापलेल्या बुंध्यासमोर धरून यंत्र चढवा. तेलाची रेघ उमटली नाही तर छत्तीस इंचातले शेवटचे बारा इंच कोरडे जळणार. आणि जेवायला बसताना साखळी थोडी सैल करा. तापलेली साखळी ताणून ठेवली आणि गार होताना आखडली तर ती बारला आवळते आणि क्रँकशाफ्टवर ताण येतो.

बारच्या टोकाच्या, म्हणजे नाकाच्या, वरच्या कोपऱ्याला काही लागलं की बार उसळून माणसाच्या तोंडाकडे येतो, हे प्रत्येक टोळीला ठाऊक असतं. लांब बारचं नाक मात्र ओंडक्याच्या पलीकडे असतं, डोळ्याआड. तिथे फांदी आहे की दगड हे कापणाऱ्याला दिसत नाही. बार उसळताच साखळी थांबवणारा चेन ब्रेक काढून टाकलेलं यंत्र कोणी दुरुस्तीला आणलं तर आधी ब्रेक बसवायचा, मग बाकीचं, असा माझ्या दुकानाचा रिवाज आहे. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

एवढं ऐकल्यावर कोणालाही वाटेल की मला लांब बारचं वावडं आहे. तसं नाही. नर्मदेच्या आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या काठी अर्जुन उभे असतात. छातीच्या उंचीवर ते एक सांगतात आणि जिथे कापायचं त्या बुडाशी पसरलेल्या आधारमुळांमुळे दीडपट निघतात. त्यात झाड कडेवर असतं: एका बाजूला उभं राहता येतं, दुसऱ्या बाजूला थेट दरड आणि पाणी. इथे 'फिरून दुसऱ्या बाजूनं या' हा माझा उपदेश फुकट जातो. परवानगीचा कागद हातात असेल आणि झाड खरोखर पाडावंच लागत असेल, तर अशा जागी छत्तीसचा बार आणि नव्वद सीसीचं इंजिन हाच सुरक्षित मार्ग. पावसाळ्यात रस्त्यावर आडवं पडलेलं, उतारावर तोललेलं खोड कापतानाही तसंच. घरंगळणाऱ्या बाजूला माणूस उभा करायचाच नाही, मग पोच बारनंच द्यायला हवी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लांब बार रुळले आणि स्कँडिनेव्हियात आखूड, यामागेही हट्ट नाही. अमेरिकेत अवाढव्य झाडं आणि तीव्र उतार, स्कँडिनेव्हियात बारीक पाइन आणि स्प्रूस.

लांब बारचं दुसरं खरं काम फळ्या पाडायचं. आंब्याच्या किंवा शिसवाच्या अख्ख्या फळीची टेबलं करायची हौस सध्या वाढली आहे आणि आरा गिरणीत न मावणारं खोड जागेवरच चिरायला चेनसॉ मिलची चौकट लावतात. ती चौकट बारचे चार-सहा इंच खाते हे खरेदी करताना विसरतात, मग तीस इंची खोडाला तीस इंची बार घेऊन परत येतात. उभं चिरायला साखळीही वेगळी: दाताचा कोन नेहमीच्या तीस अंशांऐवजी दहाच्या आसपास.

मालच घ्यायचा ठरला तर जुन्या बारच्या शेपटाकडचा फोटो आणा. तिथे लांबी, पिच, खाचेची रुंदी आणि लिंकची संख्या कोरलेली असते. १.६ मिलिमीटरच्या खाचेत १.३ ची साखळी बसते, चालतेही, आणि डुगडुगत वाकडं कापते. उलट बसवायला गेलात तर शिरणारच नाही. लांबी, पिच, खाच सगळं जुळलं तरी स्टिलचा बार हस्कवार्नावर बसेल असं नाही. शेपटाची फट आणि तेलाचं भोक वेगळं असतं. भोक जुळलं नाही तर बार कोरडा चालतो, आणि ते पहिल्या धुरापर्यंत कळत नाही. वर्षाकाठी एखादाच अर्जुन वाट्याला येणार असेल, तर मी ठेकेदाराला बार विकतच नाही. मोठं यंत्र, स्किप साखळी आणि चालवणारा माणूस असं तिन्ही दोन दिवस भाड्यानं घे म्हणतो. त्यात माझी विक्री बुडते, पण त्याचं बहात्तर सीसीचं यंत्र पिस्टन जाळून महिन्याभरात माझ्याच टेबलावर येत नाही.