पदकाची कड

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या मनुष्यास दोन व्याधी हटकून जडतात. हाती येईल ती वस्तू अस्सल वाटणे ही पहिली, आणि एकदा फसगत झाल्यावर कोणतीच वस्तू अस्सल न वाटणे ही दुसरी. आम्ही या दोहोंतून गेलो आहोत. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

शाळेतील नोकरी संपवून आम्ही मुळशी धरणाकाठी आमच्या माले गावी येऊन राहिलो, त्यास बरीच वर्षे झाली. रूपे आणि समास शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या मनुष्यास नेपोलियनच्या काळातील लष्करी पदकांचा छंद कसा लागला, असे पुष्कळजण विचारतात. त्यांस आमचे सांगणे असे की, ते युद्ध केवळ युरोपात झाले नाही. इ. स. १८०१ मध्ये मुंबईच्या फौजेतील देशी शिपाई तांबडा समुद्र ओलांडून मिसर देशात फ्रेंचांविरुद्ध गेले होते आणि त्याबद्दल कंपनी सरकारने त्यांस पदक दिले होते. १८०३ मध्ये आसईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्ली तोच पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. तेव्हा या पदकांचा धागा आपल्या अंगणापर्यंत येऊन पोचतो.

आमच्या संग्रहातील पहिले वॉटर्लूचे पदक आम्ही एका विक्रेत्याकडून जवळजवळ महिन्याच्या पेन्शनीइतकी रक्कम देऊन घेतले. वॉटर्लूचे पदक अधिकाऱ्यापासून साध्या शिपायापर्यंत सर्वांस मिळाले आणि प्रत्येकाचे नाव त्याच्या कडेवर ठशांनी उठविलेले असे. आमच्या पदकावरही नाव होते. पुढे भिंगाखाली पाहता अक्षरांच्या कडा बोथट आणि पृष्ठभागावर सुईच्या अग्राएवढे खळगे दिसले. ते ठशाने पाडलेले नसून साच्यात ओतलेले होते. ओतलेला धातू निवताना आकसतो, म्हणून असे पदक मुळाहून किंचित लहान भरते. ते आजही आम्ही मेजावर ठेविले आहे. गर्व झाला की त्याकडे पाहतो.

तेव्हापासून आम्ही नैयायिकांची चार प्रमाणे या कामी लावू लागलो. प्रथम प्रत्यक्ष: भिंग, सोनाराचा काटा आणि व्यास मोजण्याचे माप. मग उपमान: निःसंशय अस्सल नमुन्याशी ताडून पाहणे. तिसरे अनुमान, आणि त्यास कडेसारखे दुसरे स्थान नाही. मूळ नाव कानशीने घासून दुसरे घातले असेल, तर कडेवरचा व्यास कमी भरतो. पदक बोलत नसले तरी माप चुगली करते. चौथे शब्दप्रमाण, म्हणजे पदके मिळालेल्यांच्या सरकारी याद्या. तथापि ही चारही प्रमाणे वस्तूची परीक्षा करतात. परीक्षा करणाराची परीक्षा कशाने करावी, हे आम्हांस गेल्या मार्गशीर्षात कळले.

आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या आजीस घेऊन आला. पलीकडच्या वाडीतील हे शेतकरी कुटुंब. त्यांचे मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, तेव्हा देव्हारा डोक्यावर घेऊन त्यांचे वडीलधारे वर चढले. त्या देव्हाऱ्यातील चांद तांबड्या फडक्यात बांधून त्यांनी आणला होता. तो म्हणाला, “गुरुजी, खडकीच्या लढाईत आमचा पूर्वज श्रीमंतांच्या बाजूनं लढला. बाजीरावसाहेबांनी हा चांद दिला. यंदा जत्रेत आमच्या घराण्याचा सत्कार ठरलाय. चांद अस्सल आहे, एवढं लिहून द्या.”

आम्ही फडके सोडले आणि क्षणभर बोलणे सुचले नाही. पदक चांदीचे, व्यास पुरा ३६ मिलिमीटर. एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचे मस्तक. दुसरीकडे बसलेली विजयदेवता, वर ‘टु द आर्मी ऑफ इंडिया’ आणि खाली १७९९ ते १८२६ ही वर्षे. फिकट निळी फीत केव्हाच गेली होती, पण वरची पट्टी शाबूत होती आणि तीवर ‘किर्की अँड पूना’ ही अक्षरे होती. कडेवर नेटिव्ह इन्फन्ट्रीतील एका शिपायाचे नाव. इंग्रज कारकुनाने ते वेडेवाकडे लिहिले होते, पण नातवाने सांगितलेले पूर्वजाचे नाव तेच होते. पदक सर्वांशी अस्सल होते, आणि कथा नव्हती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली पेशव्यांची फौज लढली. ही पट्टी तिच्याविरुद्ध लढलेल्यांची. पेशवाईत पराक्रमाबद्दल कडी, वस्त्रे, इनाम देत. असे पदक देण्याची चाल नव्हती. शिवाय ज्या राणीचे मस्तक त्यावर आहे, तिचा जन्म १८१९ चा. दुसरे बाजीराव १८५१ च्या जानेवारीत ब्रह्मावर्तास वारले, आणि हे पदक मंजूर झाले त्याच वर्षी मार्चमध्ये.

वाचकहो, ‘पदक अस्सल आहे’ एवढे एकच वाक्य लिहून देणे किती सोपे होते! त्यात असत्य काहीच नव्हते. परंतु धर्मराजाने अश्वत्थाम्याविषयी द्रोणाचार्यांसमोर जे सत्य उच्चारले, त्याच जातीचे ते झाले असते. आणखी एक गोष्ट लाज सोडून सांगतो: ‘यात काही अर्थ नाही’ असे म्हणालो असतो, तर ते दुर्मीळ पदक अल्प किमतीत आमच्या पेटीत आले असते, हाही विचार मनास शिवून गेला.

शेवटी आम्ही सारे सांगितले. विद्यार्थी मान खाली घालून बसला. आजीबाईंनी मात्र विचारले, “मास्तर, ह्यो चांद मेलेल्याला मिळायचा का जित्त्याला?”

“जिवंत असेल त्यालाच, आजी. लढाईनंतर चौतीस वर्षांनी दिला. तोवर बहुतेक मरून गेले होते.”

“मंग त्यो जित्ता माघारी आला म्हनून आमी हाय. द्या हिकडं, देवापाशी ठेवते.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमचेही खापरपणजोबा पेशव्यांच्या दप्तरात कारकून होते, असे आम्ही अभिमानाने सांगत आलो. राज्य बुडाल्यावर त्यांचेच चिरंजीव कंपनीच्या कचेरीत लेखणी घेऊन बसले, हे आम्ही सहसा सांगत नाही. पोट दोघांसही होते. त्या शिपायाचे नाव कडेवर उठविले गेले, आमच्या पूर्वजांचे गेले नाही. एवढ्याच भेदावर आम्ही त्याचा न्याय करू पाहात होतो. आणि आमच्याच डोंगररांगेतील कोराईगड १४ मार्च १८१८ रोजी दारूकोठारावर गोळा पडून इंग्रजांच्या हाती गेला. या पदकाच्या एकंदर २१ पट्ट्यांत त्या गडाचे नाव नाही. गडावर जे होते, त्यांचे तर कशावरच नाही.

दोन दिवसांनी आम्ही दाखला लिहून दिला. त्यात पदकाचे वर्णन, ते कोणी, केव्हा व कशाबद्दल दिले हे, आणि घराण्यातील कथा, ही तीनही निरनिराळ्या कलमांत मांडली. जत्रेत सत्कार झाला नाही. परंतु विद्यार्थ्याने तो कागद काचेत बसवून देव्हाऱ्याशेजारी लाविला आहे.

असो. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असा एखादा चांद असल्यास त्यांस आमची विनंती की, तो चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करू नये. कडेवरची अक्षरे त्याने झिजतात. आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली कथा निराळ्या कागदावर, सांगणाराच्या नावानिशी, टिपून ठेवावी. दोहोंचा मेळ न बसल्यास दोन्ही जपून ठेवावी; एकीसाठी दुसरी खोडू नये.