दाढीआधी पाणी



एरवी मी तुमच्याशी बियाणे, खत आणि कीड यांविषयी बोलतो. आज दाढीविषयी बोलणार आहे. हसू नका, घरात म्हातारे माणूस असेल तर हे जरूर वाचा.

नोकरीतली माझी सारी वर्षे पहाटेची एस. टी. गाठण्यात गेली. गार पाण्याचा हात गालावरून फिरवायचा, साबण फासायचा आणि दाढी खरडून काढायची. गळ्यावर पुटकुळ्या यायच्या, आग व्हायची. दाढी म्हटली की हे चालायचेच, असे मी धरून चाललो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या आबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांची दाढी करण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ती माझ्याच पद्धतीने उरकू लागलो. एके सकाळी त्यांच्या डाव्या, चांगल्या गालावरून पाते ओढले आणि आबांच्या डोळ्यांतून पाणी आले. दुखते एवढेही त्यांना सांगता येत नव्हते.

त्याच दिवशी आमच्या गावचे जुने नाभिक तात्या आबांना भेटायला आले. गालावरचे ओरखडे पाहून म्हणाले, "साहेब, वाफसा आल्याबिगर रानात कुळव घालू नका म्हणून सभेत सांगता, आन् हितं?"

मी बी. एस्सी. झालेला माणूस, खाली मान घालून उभा राहिलो.

तात्यांनी सुनेकडून गरम पाणी मागवले. टॉवेल पिळून गालांवर ठेवला आणि गप्पा मारत बसले. मग बोटांनी पाणी चोळले, ब्रश गोल फिरवून दाट फेस केला आणि शेवटी पाते हाती घेतले. आबांनी डोळे मिटून घेतले होते. झोप लागल्यासारखे.

यात जादू नाही. कोरडा केस ताठ असतो. पाणी शोषून तो फुगतो, मऊ पडतो, मग पाते सहज कापते. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. फेस ते पाणी केसावर धरून ठेवतो आणि पाते घसरते ठेवतो. म्हणून अंघोळीनंतरची दाढी उत्तम. बोअरच्या जड पाण्याला फेस येत नसेल, तर पाणी उकळून निवळू द्या, बराच फरक पडतो. कपड्याचा साबण मात्र गालाला लावू नका.

पाते आधी केस वळतात त्या दिशेने फिरवा. दाबू नका. शेवटी गार पाण्याने धुवा. आजाऱ्याला टॉवेल लावण्याआधी तो स्वतःच्या मनगटावर ठेवून पाहा. बधिर अंगाला भाजलेले कळत नाही. आणि एकाचे पाते दुसऱ्याला कधीही वापरू नका. बारीक जखमेच्या रक्तातून कावीळ 'ब' आणि एच. आय. व्ही. यांचा संसर्ग होऊ शकतो. सलूनमध्येही नवे ब्लेड मागा, त्यात लाज नाही.

पुढे पुढे पितळेच्या वाटीचा आवाज आला की आबा आपणहून हनुवटी वर करीत. बोलता न येणाऱ्या माणसाने दिलेली ती पावती होती. गेल्या पौषात ते गेले. त्या पहिल्या दिवसांतली घाई मला अजून बोचते.

तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर पाते उचलण्याआधी पाच मिनिटे पाण्याला द्या.