एक उभा, एक पडलेला

दूरचा गाव पाहावयास गेलेल्या मनुष्यास पुष्कळदा आपला जवळचाच गाव नव्याने दिसतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जुने गोवे पाहून आलो, तेव्हा याचा मला प्रत्यय आला.

माझी मातृभाषा कोकणी. नोकरीनिमित्त मी खटकचिंचोळीस आले आणि येथलीच झाले. माझी कन्या घरी कोकणी, शाळेत मराठी व अंगणात कन्नड बोलते. गोव्याची भावंडे तिला ‘बीदरची’ म्हणतात, तर येथील मैत्रिणी ‘गोव्याची’ म्हणून हाक मारतात. ‘मग मी खरी कुठली?’ असे ती मला वारंवार विचारी. मी तिला काय सांगणार?

आई, यजमान, कन्या व मी असे चौघे फोंड्याहून सकाळच्या बसने निघालो. प्रथम बॉम जीझसचे चर्च पाहिले. जांभ्या दगडाची ती भव्य वास्तू १६०५ साली पूर्ण झाली. आजच्या स्पेनमधील नवारा प्रदेशात जन्मलेले सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले. त्यांचे अवशेष येथे चांदीच्या पेटीत ठेवलेले आहेत.

आई मात्र आत आली नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी या भागातील देवळे पाडली, तेव्हा तिचे पूर्वज देव घेऊन नदीपलीकडे गेले, असे ती लहानपणापासून ऐकत आली होती. समोरच्या दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वरही असाच डिचोली भागात गेला. तेथील देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. आईच्या मनातील ती सल मी जाणून होते, म्हणून आग्रह केला नाही.

आम्ही बाहेर आलो तो काय! आई झाडाखालच्या बाकावर एका वृद्ध ख्रिस्ती बाईंशी बोलण्यात रंगून गेली होती. यंदा नारळ कमी धरले, बांगडा महाग झाला, गुडघे ऐकत नाहीत; विषय सारे घरचेच, आणि कोकणीही एकच. उठताना त्या बाईंनी आईला हात दिला. पुढे से कॅथेड्रलच्या पायऱ्या आई आपण होऊन चढली. मी काही विचारले नाही.

हे कॅथेड्रल १५६२ ते १६१९ या काळात बांधले गेले. त्याच्या दर्शनी भागास दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ साली कोसळला. कन्या बराच वेळ वर पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, “आई, हे आपल्या बीदरच्या मदरशासारखेच की!”

खरेच. महमूद गावानच्या मदरशाचे मनोरेही दोन होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात एक ढासळला. निळ्या कौलांच्या खुणा अंगावर वागवीत दुसरा आजही उभा आहे. यजमानांनी तिला पुढची गोष्ट सांगितली. इराणातील गिलान प्रांतातून आलेला हा बहमनी वजीर १४७२ साली विजयनगरकडून गोवे घेता झाला. मदरसाही त्याच साली उभा राहिला. पुढे १४८१ मध्ये एका बनावट पत्रावर विसंबून सुलतानाने त्याचा वध करविला. १५१० मध्ये गोवे पोर्तुगिजांच्या हाती गेले. त्यांची ती वैभवशाली राजधानीही रोगराईने ओस पडली आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीस मिळाला.

“म्हणजे बीदर आणि गोवे एकाच राज्यात होते?” कन्येने विचारले. “होते, काही वर्षे,” यजमान म्हणाले. दुसऱ्या दिवशी भावंडांनी ‘बीदरची’ म्हणून चिडविताच तिने त्यांना अंगणात बसवून गावानची सारी कथा ऐकविली. त्यानंतर तिने तो प्रश्न मला पुन्हा विचारला नाही.

विद्यार्थी मित्रहो, बीदर आपल्या अगदी जवळ आहे. मदरसा पाहावयास जाल तेव्हा उभा मनोरा तर पाहाच. पण पडलेल्या मनोऱ्याच्या जागीही क्षणभर थांबा. कोणी बांधले, कसे पडले, कोण गेले आणि कोण राहिले, हे तेथे विचारा. घरी वृद्ध माणसे असतील तर त्यांनाही बरोबर न्या. ग्रंथात न सापडणारी काही उत्तरे त्यांच्यापाशी असतात.