सदतिसावा भाग

होस्टिंग बदललं त्या आठवड्यात आमच्या पॉडकास्टचे डाउनलोड एकदम चौपट झाले. मी हरखलो. आकड्यांचा स्क्रीनशॉट चार जणांना पाठवला. तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून एका जुन्या श्रोत्या बाईंचा फोन आला, "नाना बरे झाले वाटतं! आज त्यांचा भाग आलाय."

नानांना जाऊन आठ महिने झाले होते.

फीड हलवताना मी बाकी सगळं सांभाळलं होतं. जुन्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट लावला, नव्या पत्त्याचा टॅग घातला. फक्त जीयूआयडी, म्हणजे प्रत्येक भागाच्या कायमच्या ओळखखुणा, तपासले नाहीत. नव्या होस्टनं प्रत्येक भागाला आपला नवा जीयूआयडी देऊन टाकला. काही ॲपांना आमचे ११२ जुने भाग नवे वाटले आणि त्यांनी ते पुन्हा उतरवून घेतले. मी मिरवलेले आकडे ते हेच. मग मी जुने जीयूआयडी परत लावले. त्या बाईंना खरं सांगताना मला बोलवेना.

तेव्हापासून ही एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. भागाचं शीर्षक बदला, एमपीथ्री पुन्हा कापा, फाइलचा पत्ताही बदला. बहुतेक ॲप त्या भागाला जीयूआयडीवरूनच ओळखतात. आता फीड हलवायचा झाला की दोन्ही एक्सएमएल शेजारी ठेवून मी ओळ न् ओळ ताडून पाहतो.

ज्याला फीडच नाही, जे एकाच ॲपवर मिळतं, त्याला मी पॉडकास्ट म्हणत नाही, मग ऐकणारे लाखो असोत. २००० साली डेव्ह वायनरनं आरएसएस या फीडच्या भाषेत एन्क्लोजर टॅग आणला, म्हणून आवाजाची फाइल कुणाच्या दुकानात न ठेवता श्रोत्याला देता येते. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा श्रोते आपली यादी घेऊन दुसऱ्या ॲपवर गेले. आमचा फीड होता तिथेच होता. हल्लीच्या मुलांना फीडचा पत्ता विचारला तर ॲपची लिंक पाठवतात, याचा मला राग येतो.

माझ्याकडे शिकणारी मुलगी मात्र एक्सएमएल उघडून बसते. परवा म्हणाली, "सर, सदतिसाव्या भागाच्या जीयूआयडीत स्पेलिंग चुकलंय. दुरुस्त करू?"

पहिली तीन वर्षं नाना फीड नोटपॅडमध्ये हातानं लिहायचे. रात्री उशिरा, चष्मा कपाळावर सरकवून. ती चूक त्यांची.

"राहू दे," मी म्हणालो, आणि तिच्या हातातला माउस काढून घेतला.